आत्याच्या घरची फ्री डिश: जुनी छत्री ८३ वरून ९३.५ अंशांवर आणतानाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

राजापूर तालुक्यातलं गाव. गणपतीसाठी आलोय, दसऱ्यापर्यंत ऑफिसचं कामही इथूनच. म्हणजे या उद्योगाला वेळ मिळणार तो सकाळी नऊच्या आधी, नाहीतर शनिवार-रविवारी.

आत्याचा टीव्ही जूनपासून बंद आहे. खासगी डीटीएचचं रिचार्ज संपलं आणि तिने ते पुन्हा मारलं नाही. तिला बघायच्या असतात सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, एखादं कीर्तन, आणि दुपारी डोळा लागेपर्यंत काहीतरी. त्यासाठी दर महिन्याला पैसे का भरायचे, हा तिचा प्रश्न आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कौलांवर जुना काड्यांचा अँटेना अजून उभा आहे, पण दूरदर्शनची जमिनीवरची अ‍ॅनालॉग केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. आता त्यावर कावळे बसतात. मग राहिली डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली, महिन्याचं भाडं शून्य.

हाताशी काय आहे ते आधी बघितलं. न्हाणीघराच्या स्लॅबवर खासगी कंपनीची ६० सेंटिमीटरची छत्री, तिचा एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा), घरात येणारी साधारण २० मीटर केबल. चुलतभावाने तीन वर्षांपूर्वी घेऊन कपाटात टाकलेला एक सेट टॉप बॉक्स, एमपेग-४ चा (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत). त्याच्याकडे एमपेग-२ चा जुनाही होता, तो घेतला नाही. जुन्यावर एमपेग-४ मधल्या वाहिन्यांचं चित्रच येत नाही, आणि आत्याला ‘नाव दिसतं पण चित्र नाही’ हे रोज कोण समजावणार.

बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर हरवलेला. राउटरचा एक पडलेला होता, पिन बसली, लाल दिवा लागला, खूश झालो. (ही खुशी उद्यापर्यंत टिकली.)

टीव्ही २१ इंची डबा, एचडीएमआयचा प्रश्नच नाही, पिवळी-पांढरी-लाल पिन. बॉक्सला मात्र हेडफोनसारखं एकच भोक. एका जुन्या डीव्हीडी प्लेअरची तशी केबल सापडली. पिवळी पिन पिवळ्यात घातली तर पडदा काळा आणि स्पीकरमधून घोंघों. चाळीस मिनिटं मी टीव्ही बिघडला असं धरून चाललो होतो. नंतर सहज म्हणून लाल पिन पिवळ्या भोकात घातली आणि मेन्यू दिसला. या एका-भोकाच्या केबलींत कुठल्या पिनला चित्र जोडलंय ते प्रत्येकाचं वेगळं असतं. रंगावर जाऊ नका, तिन्ही पिना फिरवून बघा.

खर्च: शून्य. वेळ: दोन तास.

१५ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस फुकट गेला असं म्हणणार होतो, पण तीन चुका सापडल्या, त्यामुळे अगदीच फुकट नाही.

पहिली. छत्रीची केबल लावली की बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू होतो. केबल काढली की ठणठणीत. म्हणजे केबलच्या बाजूला कुठेतरी वीज खाल्ली जातेय. बॉक्स याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, त्यामुळे केबलमधला शॉर्ट थेट बॉक्सच्या गळ्याशी येतो. केबलची दोन्ही टोकं सोडवली आणि मधली तांब्याची तार व बाहेरची जाळी यांच्यात मल्टिमीटर लावला. बीप वाजला. वाजायला नको होता. घरातल्या टोकाचा पिळून बसवायचा एफ कनेक्टर काढला तर जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकलेला. छाटला, पुन्हा बसवला, बीप गेला.

तरी बॉक्स बंद-चालू होतोच.

दुसरी चूक माझीच. बॉक्सच्या तळाला लिहिलंय १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर. नुसत्या बॉक्सला तेवढं पुरलं, एलएनबीचा भार आल्यावर तो बसला. व्होल्ट जुळले, पिन जुळली, एवढ्यावर मी समाधानी होतो. बाजारातून १२ व्होल्ट २ अँपिअरचा आणला, २२० रुपये. अँपिअर जास्त असले तर काही बिघडत नाही, कमी असले तर असले खेळ. पिनेचं आतलं टोक धन आहे का ते मात्र दोन्हींवरचं चित्र बघून जुळवा.

तिसरी चूक सापडायला संध्याकाळ झाली. मेन्यूत एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५० होती, बरोबर. त्याखाली ‘२२के’ ऑन होतं. हा २२ किलोहर्ट्झचा सूर मिळाला की युनिव्हर्सल एलएनबी वरच्या पट्ट्यात जातो, ११,७०० मेगाहर्ट्झच्या वर. मी शोधत होतो फ्री डिशची ११,०९०. छत्री अगदी बरोबर उपग्रहाकडे असती तरी मला काही मिळालं नसतं. म्हणजे दुपारभर उन्हात मी छत्री फिरवत होतो ती निव्वळ कसरत.

आता मेन्यू असा ठेवलाय: एलएनबी युनिव्हर्सल ९७५०/१०६००, २२के ऑटो, डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडायची सोय) बंद, एलएनबी पॉवर चालू. शोधायचा ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) ११०९०, व्ही (म्हणजे उभ्या लहरी), सिम्बॉल रेट २९५००. छत्रीला हात लावण्याआधी हे चार-पाच आकडे तपासा. माझी उलटी वरात झाली.

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी साडेसहाला सुरुवात.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. ही छत्री होती ८३ अंशांच्या उपग्रहाकडे. फरक साडेदहा अंशांचा, पण छत्री साडेदहा अंशच फिरवायची असं नाही, आणि तिथेच बहुतेक लोक अडकतात. आमच्या गावातून हिशेब असा निघतो: ८३ साठी दिशा उत्तरेपासून १५० अंश, क्षितिजापासून उंची ६८ अंश. ९३.५ साठी दिशा १२८ अंश, उंची ६० अंश. म्हणजे साधारण २२ अंश पूर्वेकडे आणि ८ अंश खाली. कोकणपट्टीत दोन-तीन अंश इकडेतिकडे, विदर्भात आकडे बरेच वेगळे.

काल फोनच्या कंपासने १२८ धरले होते. फोन पाइपला टेकवून. लोखंडी पाइपला! आज तोच फोन पाइपपासून दोन मीटर लांब धरून बघितला तर सुई वीसेक अंशांनी हलली. कंपास सोडूनच दिला. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे: छत्री आधीच एका उपग्रहाकडे बरोबर लागलेली होती, तर तिथून फक्त फरक मोजायचा. पाइपचा बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे घेर १५७. त्यातले २२ अंश म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. काल मी छत्री फिरवून टाकली होती, पण क्लॅम्पची जुनी गंजाची रेघ पाइपवर स्वच्छ दिसत होती. त्या रेघेवर क्लॅम्प परत आणला, पेन्सिलने खूण केली, आणि छत्रीच्या मागे उभं राहून डाव्या हाताला साडेनऊ मिलिमीटर सरकवला.

त्याआधी एक गोष्ट: पाइप ओळंब्यात आहे का बघा. आमचा दोन अंश झुकलेला होता. झुकलेल्या पाइपवर छत्री फिरवली की उंचीही आपोआप बदलते आणि मग दोन्ही नट हातात घेऊन माणूस वेडा होतो. स्टँडच्या पायाखाली पत्र्याचा तुकडा घातला.

टीव्हीसमोर शेजारचा नववीतला पोरगा, हातात फोन, मी वर. पोरगा आकडे ओरडणार. पहिला अर्धा तास नुसतं ‘स्ट्रेंग्थ ७८, क्वालिटी शून्य’. स्ट्रेंग्थकडे बघूच नका. एलएनबीला वीज मिळाली की छत्री विहिरीत तोंड घालून ठेवली तरी स्ट्रेंग्थ दाखवतो. उपग्रह सापडला हे फक्त क्वालिटी सांगते.

आणि घाई करू नका. बॉक्सला सिग्नल पकडायला दोन सेकंद, आमच्या गावच्या नेटवरून पोराचा आवाज यायला तीन. मी भराभर फिरवत होतो, बहुधा दोनदा उपग्रहावरून पुढे गेलो. मग शिस्त लावली: नखभर हलवायचं, मनात पाच मोजायचे, पुन्हा नखभर. ८ वाजून १० मिनिटांनी पोरगा किंचाळला, ‘एक्केचाळीस! काका, एक्केचाळीस!’ मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. काका.

स्कॅन केलं, वाहिन्यांची लांबलचक यादी आली, सह्याद्री आलं. आत्याने गूळ ठेवला टीव्हीसमोर.

१८ सप्टेंबर, बुधवार

४१ वर चित्र येतं पण मधेच चौकोन पडतात. आज फक्त एलएनबीवर काम.

उपग्रह बदलला की एलएनबीची पिळणीही बदलावी लागते, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आमच्या गावी ८३ अंशांसाठी एलएनबी २९ अंश पिळलेला हवा, ९३.५ साठी ४९. म्हणजे वीस अंश कमी पडत होते. छत्रीच्या मागून आकाशाकडे तोंड करून उभं राहायचं आणि तिथून दिसेल तसा घड्याळाच्या उलट फिरवायचा. एलएनबीची मान ४० मिलिमीटरची, त्यावर वीस अंश म्हणजे सात मिलिमीटर. ४१ चे ५८ झाले. या एका स्क्रूसाठी लोक नवा एलएनबी आणतात.

फिरवताना दिसलं की एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकलीय आणि आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. सुबक, अंगठ्याएवढं. ओली माती कु-बँडच्या (फ्री डिश ज्यांवर येते त्या) लहरी गिळते. घर रिकामं होतं, काढलं. टोपीवर सध्या जाड पारदर्शक चिकटपट्टी. क्वालिटी ६८.

आत्याच्या चार वाहिन्या ‘फेवरेट’मध्ये टाकल्या. एक लक्षात ठेवा, फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या सुमारास एखादी वाहिनी गायब झाली तर छत्रीला हात लावू नका, पुन्हा स्कॅन करा.

काम संपलं असं वाटून ही नोंद इथेच थांबवणार होतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

संपलं नाही. तीन दिवस आत्या सांगतेय, ‘सकाळी चांगला असतो रे, जेवणं होईपर्यंत तुटायला लागतो. रात्री परत चांगला.’ मी बघतो तेव्हा ठीक असतो, कारण मी बघतो सकाळी सातला आणि रात्री नऊला.

आज दिवसभर बसून आकडे लिहिले. सकाळी ८ ला ६८. ११ ला ६८, पण मधेच क्षणभर २०. दुपारी १ ला ६८-०-५५-०-६८ असा नाच. संध्याकाळी ६ नंतर स्थिर.

अंदाज पहिला: बॉक्स तापतो. टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेला होता, खाली हात लावला तर चांगलाच गरम. फळीवर हलवला, खाली दोन लाकडी पट्ट्या घातल्या.

२३ सप्टेंबर

फरक नाही. अंदाज दुसरा: दुपारी खारा वारा सुटतो, छत्री हलत असेल. सगळे नट १३ नंबरच्या पान्याने आवळले. आवळताना क्वालिटी ६८ ची ५१ झाली, पुन्हा जुळवण्यात पाऊण तास. नट एकाच बाजूने पूर्ण पिळू नका, चारही थोडे थोडे, आणि पोरगा आकडे सांगत असतानाच. छत्रीला ढकलून बघितलं, आता हलत नाही.

२४ सप्टेंबर

दुपारी पुन्हा तेच. अंदाज तिसरा, केबल. २५ मीटर नवी आरजी-६, ४७५ रुपये, आणि दाबून बसवायचे चार एफ कनेक्टर, ८० रुपये. हत्यार गावातल्या केबलवाल्याकडून मागून आणलं. क्वालिटी ६८ ची ७१ झाली. दुपारी ७१-०-७१. या ५५५ रुपयांचं समर्थन मी पुढे करीन म्हणा.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री धो धो पाऊस. पावसात चित्र बारा-पंधरा मिनिटं पूर्ण गेलं, ते ठीक आहे, कु-बँडला जोराचा पाऊस चालत नाही. पण पाऊस थांबल्यावर सकाळीसुद्धा क्वालिटी ४४ वरच होती, ती दहाच्या उन्हानंतर हळूहळू चढली. पावसाबरोबर जाऊन पावसाबरोबर परत येतं ते आकाशातलं. पाऊस थांबून तासन्‌तास लोटले तरी येत नाही आणि उन्हाने येतं ते जोडात शिरलेलं पाणी. एलएनबीखालचा कनेक्टर उघडला तर आत खरंच थेंब. परवाच बसवलेला, नवा! चूक अशी की केबल वरून सरळ एलएनबीत नेली होती, पाणी तिच्यावरून ओघळत थेट जोडात जायचं. आता केबल आधी खाली सोडून वळसा घेऊन वर आणलीय, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जाईल. वर रबरी टेप ताणून गुंडाळली, ९० रुपये. साधी विजेची काळी टेप एका पावसाळ्यात सुटते.

दुपारचा नाच मात्र चालूच.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज बॉक्स, केबल, नट सगळं सोडून सकाळी चहा घेऊन छत्रीशेजारीच जाऊन बसलो. पोरगा खाली आकडे सांगायला. साडेदहापर्यंत काही नाही. मग वारा सुटला, आणि छत्रीच्या पांढऱ्या तव्यावर माडाच्या झावळीची सावली आली. झावळी हलली, सावली पुढे-मागे झाली, आणि खालून आवाज: ‘शून्य... अडुसष्ट... शून्य...’

पोरगा सावली बघत नव्हता. मी बघत होतो.

न्हाणीघराच्या आग्नेयेला पाच मीटरवर माड आहे. तो मला रोज दिसत होता, पण उपग्रह ‘वर’ असतो या समजुतीत मी त्याला हिशेबात धरलंच नाही. हिशेब सोपा आहे. ६० अंश उंचीसाठी अडथळा जितका लांब, त्याच्या पावणेदोन पट उंचीवरून रेषा जाते. पाच मीटरवर ८.६ मीटर. छत्री जमिनीपासून अडीच मीटरवर, म्हणजे रेषा ११ मीटरवर. माडाचा शेंडा तिथेच. वारा नसताना झावळ्यांमधल्या फटीतून सिग्नल येत होता, वारा आला की फट बुजायची. जुन्या उपग्रहाच्या वेळी हा त्रास नव्हता, कारण ती रेषा या माडाच्या उजवीकडून आणि अधिक उभी जात होती. ज्यांची जुनी छत्री वर्षानुवर्षं छान चालत होती त्यांनी नव्या दिशेला काय आहे ते आधी बघा.

आठ दिवस आणि साडेसहाशे रुपये, झाडाकडे न बघितल्यामुळे.

पण सावली नेमकी तिथे, नेमकी आज पडली हा योगायोग नाही. संध्याकाळी बसून हिशेब केला. जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर आहे, आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे इथून तो आकाशाच्या विषुववृत्ताच्या सुमारे तीन अंश खाली दिसतो. विषुवदिनानंतर सूर्य रोज ०.४ अंशाने खाली सरकतो, म्हणजे साधारण २९-३० सप्टेंबरला तो बरोबर उपग्रहाच्या मागे येणार. वेळ आमच्या गावी सकाळी १० वाजून ५३ मिनिटं. त्या क्षणी जिथे माडाची सावली, तिथे उपग्रह दिसत नाही. जिथे ऊन, तिथे दिसतो. कंपास नको, अ‍ॅप नको.

२९ सप्टेंबर, रविवार

दहा पन्नासला खडू घेऊन अंगणात. आत्या विचारतेय, ‘आता काय शोधतोयस?’ म्हटलं, ऊन. तिने काही उत्तर दिलं नाही.

न्हाणीघराचा स्लॅब पूर्ण झावळ्यांच्या सावलीत. दोन मीटर सरकवून भागणार नाही, झावळी चार-साडेचार मीटर लांब असते. विहिरीच्या कठड्याजवळ पोफळींची सावली. गोठ्याच्या स्लॅबवर, नैऋत्येचा कोपरा, दोन मीटर बाय तीन मीटर लख्ख ऊन. तिथे खडूने चौकोन काढला. माड वाढणार आणि झावळ्या पसरणार हे धरून चौकोनाच्या मधोमध फुली.

पाडेल्याला बोलावून झावळ्या उतरवून घेऊ का, असं विचारून बघितलं होतं. आत्या म्हणाली, माड तुझ्या टीव्हीच्या आधीपासून आहे. विषय संपला.

३० सप्टेंबर, सोमवार

ऑफिसच्या मीटिंगमधून चहाच्या नावाखाली सुटून पुन्हा १०.५० ला तपासलं. फुलीवर ऊन. आज वारा अजिबात नव्हता, तरी १०.५२ ला टीव्हीवर क्वालिटी ७१ ची ३३ झाली, दोन मिनिटं चित्रात चौकोन, मग परत ७१. हे माडामुळे नाही. सूर्य उपग्रहाच्या मागे आला की छत्रीत त्याचाही गोंगाट शिरतो. दोन-चार दिवस, ठरावीक वेळी, काही मिनिटं. दुरुस्त करण्यासारखं काही नाही. हे माहीत नसतं तर मी आज चौथा अंदाज करून अजून काहीतरी विकत आणलं असतं.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी. उद्या घट बसणार, त्याच्या आत टीव्ही चालू पाहिजे असं आत्याचं फर्मान.

गोठ्याच्या स्लॅबवर चार भोकं, १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट, १२० रुपये. स्लॅब ओला होता म्हणून ड्रिल शेजाऱ्यांच्या बॅटरीवाल्या मशीनने केलं, विजेचं वर नेलं नाही. भोकांभोवती सिमेंट भरलं, नाहीतर पुढच्या पावसात म्हशीच्या अंगावर गळती. पाइप यावेळी आधीच ओळंब्यात.

छत्री लावायला किती वेळ लागला? पंचवीस मिनिटं. उंची आणि एलएनबीची पिळणी तशीच ठेवली होती, फक्त दिशा शोधायची. ती सूर्यावरूनच घेतली. १०.५३ ला (दोन दिवसांनी सूर्य जेमतेम एक अंश सरकलाय, चालतं) छत्री अशी फिरवली की एलएनबीच्या दांडीची सावली तव्याच्या मधल्या उभ्या रेषेवर पडेल. पोरगा म्हणाला, ‘पंचावन्न.’ पहिल्याच फटक्यात. नखभर हलवून ७४.

केबल कमी पडली. २५ मीटरची नवी आणलेली आता गोठ्यापासून टीव्हीपर्यंत पुरत नाही, अजून नऊ मीटर हवी. जुन्या केबलचा चांगला तुकडा कापून जोडला, मधे दोन्ही बाजूंनी एफ कनेक्टर बसणारा जोड, १५ रुपये. जोड पडवीच्या आत, पावसात नाही. क्वालिटी ७४ ची ७२, एवढं चालेल. २४ तारखेची केबल उगाच घेतली असं म्हणत होतो, ती निम्मी तरी वसूल झाली.

दुपारी तीनला वारा. ७२. साडेतीनला ७२. आत्या झोपलेली, टीव्ही चालू.

९ ऑक्टोबर, बुधवार

परतीचा पाऊस, गडगडाटासकट. वीज चमकायला लागली की आत्याला बॉक्सचा प्लग आणि मागची छत्रीची केबल दोन्ही काढायला शिकवलंय. नुसता प्लग काढून उपयोग नाही, गोठ्यावरची केबलही वीज घरात आणू शकते. पण ढग डोक्यावर आल्यावर केबलला हात लावायचा नाही, आधीच काढायची. पिळायचा कनेक्टर तिच्या बोटांना जड जात होता. त्याऐवजी बॉक्सच्या मागे नुसता ढकलून बसणारा लावला, ३० रुपये.

पाऊस थांबल्यावर लगेच ७२. म्हणजे वळसा आणि रबरी टेप काम करतायत.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, उद्या निघतोय. आज उरलेली किरकोळ कामं.

रिमोटचं ‘मेन्यू’ बटण चालत नव्हतं. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबलं, इतर बटणांना रिमोटच्या टोकाला फिकट जांभळा उजेड दिसतो, याला नाही. म्हणजे रिमोट जिवंत, बटण मेलेलं. उघडून आतला रबर आणि पट्टी खोडरबराने घासली. चालू.

टीव्हीच्या रिमोटचं टीव्ही/एव्ही बटण आत्याकडून दर दोन दिवसांनी दाबलं जातं, मग पडद्यावर मुंग्या, मग मला हाक. त्या बटणावर चिकटपट्टी लावली होती, ती तिने काढून टाकली, ‘घाण दिसतं’ म्हणून. तेव्हा आता पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी खिळ्याला टांगलंय:

मुंग्या दिसल्या तर: टीव्हीच्या रिमोटवर टीव्ही/एव्ही एकदा दाब.
‘नो सिग्नल’ आणि बाहेर पाऊस: थांब.
‘नो सिग्नल’ आणि पाऊस नाही: मागची केबल बसलीय का बघ.
बॉक्स सारखा बंद-चालू: मागची केबल काढ आणि मला फोन कर.
एप्रिलमध्ये वाहिनी गेली: पोराला बोलव, तो स्कॅन करील.
१३ मार्चच्या आसपास तीन-चार दिवस, अकरा ते सव्वाअकरा, चित्र जाईल. काही करू नकोस.

क्लॅम्प आणि पाइप यांच्यावरून एकच उभी रेघ लाल ऑइलपेंटने मारलीय. वादळात छत्री फिरली तर दोन्ही तुकडे जुळवले की झालं.

खर्च, बॉक्स सोडून: अ‍ॅडॉप्टर २२०, केबल ४७५, कनेक्टर ८०, टेप ९०, बोल्ट १२०, जोड १५, ढकलायचा कनेक्टर ३०. एकूण १,०३०. बॉक्सचे पैसे भाऊ घेत नाही, त्याला दहा नारळ दिले.

आत्याने पुठ्ठा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, ‘अकरा वाजता मी भाकऱ्या करत असते. तेव्हा बघतंय कोण?’